सत्ताविसावी रास

आमच्या रोनवाते गावच्या जुन्या आवारात दगडांच्या बेचाळीस राशी आहेत. त्यातल्या एक्केचाळीस राशींखाली कोण आहे हे कोणालाच माहीत नाही. ती माणसं पुरली गेली तेव्हा बेटावर चर्च नव्हतं, राजा नव्हता, नाव लिहून ठेवायची रीतही नव्हती. उरलेल्या एका राशीखाली, म्हणजे यादीतल्या सत्ताविसाव्या क्रमांकाखाली, ब्लेंडा नावाची घोडी आहे. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तिला तिथे ठेवणारा वाल्फ्रीद माझ्या चांगल्या ओळखीचा होता आणि तिला पुरातन ठरवणारा मी स्वतः.

वाल्फ्रीद हालब्येन्सचा. आमच्याकडे आडनावाने कोणी कोणाला हाक मारत नाही, शेताच्या नावावरून माणूस ओळखला जातो. हालब्येन्सचं शेत चर्च आणि जुनं आवार यांच्या बरोबर मध्ये आहे, आणि वाल्फ्रीदचं आयुष्यही त्या दोन भिंतींच्या मध्येच गेलं. एक्केचाळीस वर्षं तो चर्चची घंटा वाजवत होता, हिवाळ्यात रविवारी पहाटे शेगडी पेटवत होता आणि पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चखालच्या सगळ्या शेतांवरच्या, प्रत्येक माणसाची कबर खणत होता. जुन्या आवाराची देखरेखही त्याच्याचकडे होती. तशी निळी पत्र्याची पाटी त्याच्या दाराशी लावलेली होती, आणि दर शनिवारी तो ती ओल्या फडक्याने पुसायचा. घंटेचा दोर ओढून ओढून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. लांबून येणारा माणूस कोण हे त्या खांद्यावरून कळायचं.

त्याची आणखी एक सवय होती. कुठेही गेला की आधी जमिनीवर टाच आपटायचा आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा. आमचं बेट म्हणजे चुनखडीचा एक सपाट पाषाण, त्यावर वीतभर माती. टाचेच्या आवाजावरून खाली खडक किती अंतरावर आहे हे वाल्फ्रीद सांगायचा आणि ते चुकायचं नाही. कॉफीला बोलावलं तरी अंगणात पाय टाकताक्षणी टाच.

"चार बोटं," तो म्हणायचा.

"माझ्या दारात मापं घेऊ नकोस हं," शेजारची ह्यॉर्दिस आतून ओरडायची. "मला अजून वेळ आहे."

"तुझ्या दारात कोण पुरणार तुला? चार बोटांत तुझे पायसुद्धा मावायचे नाहीत."

त्याचं म्हणणं असं की सबंध रोनवातेत पुरुषभर खोल माती दोनच ठिकाणी आहे. एक चर्चचं आवार, दुसरं जुनं आवार. "त्या जुन्या लोकांना सगळं कळत होतं," तो सांगायचा. "वाळूचा एकच उंचवटा होता, तो त्यांनी मेलेल्यांना दिला आणि स्वतः खडकावर राहिले." हे सांगताना त्याच्या आवाजात त्या लोकांबद्दल एक प्रकारचा आपलेपणा असायचा, जणू आधीच्या पिढीतल्या कबर खणणाऱ्याबद्दलच बोलतो आहे.

ब्लेंडा तो अठरा वर्षांचा असताना त्याच्या हातांत जन्मली. तपकिरी, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. शेताची कामं ती करायचीच, पण वयाच्या पाचव्या वर्षापासून पॅरिशची शवपेटीची गाडीही तीच ओढू लागली. कोणी गेलं की वाटेवरच्या प्रत्येक शेताच्या फाटकापाशी घरची माणसं टोपी काढून उभी राहायची आणि गाडी तिथे क्षणभर थांबायची. हे ब्लेंडाच्या अंगात इतकं भिनलं की नुसत्या धान्याच्या गोणी घेऊन गिरणीला निघाली तरी ती प्रत्येक फाटकाशी आपणहून थांबायची. आतून माणसं बाहेर डोकवायची, ब्लेंडा उभी आहे हे पाहून हात आपोआप टोपीकडे जायचा, आणि मग वाल्फ्रीद गाडीवरून म्हणायचा, "ठेवा, ठेवा. धान्य आहे नुसतं." माझ्या आजोबांना तिनेच नेलं. वीस वर्षांत जे कोणी गेले त्या सगळ्यांना तिनेच नेलं.

मग मोटार आली आणि ट्रॅक्टर आले. करड्या रंगाचे ते छोटे ट्रॅक्टर दोन-तीन वर्षांत घरोघरी झाले. घोडे बंदरावर नेऊन बोटीत चढवायचे आणि पलीकडे मोठ्या भूमीवरच्या कत्तलखान्यात पाठवायचे, असं सगळेच करत होते. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, किंवा वाटलं तरी कोणी बोलत नव्हतं. वाल्फ्रीदने ब्लेंडाला पाठवलं नाही. दोन वर्षं ती काही न करता कुरणात उभी होती. पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी ती बीटच्या शेताच्या कडेला आडवी झाली आणि उठली नाही.

शेतात पुरायची सोय नव्हती. टाच आपटून पाहायचीही गरज नव्हती. वाल्फ्रीद फावडं आणि पहार घेऊन जुन्या आवारात गेला आणि दोन दिवस खणत राहिला, भर उजेडात, रस्त्यावरून दिसेल असा. कबर खणणारा माणूस खणताना दिसला तर कोण काय विचारणार? त्याचा जोडीदार स्मिस शेतावरचा सिक्स्टेन. त्याने आपला नवा कोरा ट्रॅक्टर आणला आणि दोरखंडाने ब्लेंडाला फळ्यांवरून तिथवर ओढत नेलं. ट्रॅक्टरने ब्लेंडासाठी केलेलं हे एकच काम. ती खाली उतरत असतानाच टपालवाली थिरा सायकलवरून आली.

"कोण रे?" तिने विचारलं.

"ब्लेंडा."

थिराने सायकल भिंतीला टेकवली, डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि खड्डा बुजेपर्यंत उभी राहिली. तिच्या वडिलांनाही ब्लेंडानेच नेलं होतं. मग ती टपाल वाटायला निघून गेली, आणि ज्या तिघांना माहीत होतं ते तिघे तीस वर्षं गप्प राहिले. कारण जुन्या आवारात कुदळ मारायला कायद्याने बंदी होती, आणि ती बंदी कोणी मोडू नये हे पाहायचं काम त्या निळ्या पाटीने वाल्फ्रीदलाच दिलेलं होतं.

कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून त्याने वर दोन थर दगड रचले. बाकीची रास त्याने रचली नाही. ती आम्ही रचली.

दर एप्रिलमध्ये, वसंताच्या होळ्या पेटायच्या आधीच्या शनिवारी, पॅरिशमधल्या चोवीस घरची माणसं दंताळी घेऊन जुन्या आवारात जमतात. प्रत्येक घराची पट्टी ठरलेली, दंताळ्याच्या दांड्यावर घराची खूण कोरलेली. हिवाळ्यात पडलेला पाला, काटक्या, जुनिपरची नवी रोपं, सगळं ओढून कोपऱ्यात जाळायचं. खालून निळी रानफुलं वर आलेली असतात, त्यांच्यावरून दंताळं उचलून न्यायचं. आणि थंडीने जमिनीतून जे दगड वर ढकललेले असतात ते बाहेर न्यायचे नाहीत. जो दगड जिथे सापडेल तिथून जवळच्या राशीवर ठेवायचा. हे कोणी शिकवत नाही. आई ठेवते, आजी ठेवते, म्हणून आपण ठेवतो. दुपारी ह्यॉर्दिसच्या मोठ्या पातेल्यातलं रानकांद्याच्या पातीचं सूप, भाकरीवर धुरी दिलेला मासा, आणि ज्याच्या त्याच्या घरची ड्रिकू. ती जवाची धुरकट चवीची दारू प्रत्येक घरची वेगळी लागते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची पातळ वाटते.

अशी चोवीस वर्षं गेली. ब्लेंडाची रास गुडघ्याच्या वर आली, दगडांवर शेवाळ धरलं, कडेला गवत बसलं.

एकोणऐंशी साली मी शहरातलं वाणिज्य विद्यालय आणि तिथली नोकरी आटोपून गावी परतलो, दुग्धशाळेच्या कचेरीत लागलो आणि ग्राममंडळाचा चिटणीस झालो. मंडळाच्या कपाटात जुन्या मास्तरांनी चौतीस साली केलेली राशींची यादी होती. एक्केचाळीस. मी खुंट्या घेऊन मोजायला गेलो तर बेचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्या. यादी आणि जमीन जुळत नाही हे मला सहन होत नाही. वाल्फ्रीद भिंतीपाशी उभा होता.

"काका, ही रास पहिल्यापासून इथेच ना?"

त्याने राशीकडे बराच वेळ पाहिलं. "मला चांगली आठवते ती," तो म्हणाला.

मी मास्तरांची चूक दुरुस्त केली, नवे क्रमांक घातले, प्रत्येक राशीची लांबी-रुंदी नोंदवली आणि यादी पुरातत्त्व कार्यालयाकडे धाडली. तिथून आभाराचं पत्र आलं. ते मी फाइलला लावलं.

शहाऐंशीच्या मार्च महिन्यात त्या यादीला फळ आलं. कार्यालयाला आमच्याकडची एक रास उघडून पाहायची होती, आजवर कोणाचा हात न लागलेली. तोरून नावाची एक तरुण बाई गाडी घेऊन आली. चष्मा, रबरी बूट, हातात माझी यादी. दिवसभर ती सगळ्या राशी फिरली आणि संध्याकाळी सत्ताविसाव्या राशीपाशी येऊन थांबली.

"इतकी शाबूत रास मी या बेटावर पाहिलेली नाही," ती म्हणाली. "कडा बघा. एक दगड हललेला नाही."

माझ्या मागे उभ्या असलेल्या सिक्स्टेनला मोठा ठसका लागला. खणायला सुरुवात व्हायची होती ती साफसफाईच्या शनिवारनंतरच्या सोमवारी.

त्या पाच आठवड्यांत वाल्फ्रीद निम्मा झाला. तेव्हा मला कारण ठाऊक नव्हतं, हे सगळं मला नंतर सिक्स्टेनने सांगितलं. दोघे रोज संध्याकाळी हालब्येन्सच्या स्वयंपाकघरात बसायचे.

"गप्प राहा," सिक्स्टेन म्हणायचा. "खणू दे. हाडं मिळाली की म्हणतील, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सरदाराची घोडी. काचेच्या कपाटात ठेवतील. तुला-मला कोण ठेवणार आहे?"

"तिच्या पायांत नाल आहेत."

"मग काय झालं?"

"चारही. आणि त्यावर बंदरावरच्या लोहाराचा शिक्का."

सिक्स्टेन यावर विचार करायचा. "मग सांगून टाक."

"सांगितलं तर पाटी जाईल. ती जाऊ दे. पण ते तिला बाहेर काढतील." वाल्फ्रीद टेबलाखाली टाच आपटायचा. "आणि बाहेर काढली तर परत ठेवू कुठे? सांग ना. या गावात दुसरी जागा आहे?"

शनिवार उजाडला. थंडी होती पण ऊन स्वच्छ होतं. तोरून आदल्या रात्रीच बोटीने आली होती आणि दंताळं मागून घेऊन आमच्यात काम करायला लागली होती. ह्यॉर्दिसला ते आवडलं. "शहरातली असून पाठ वाकते हिची," ती मोठ्याने म्हणाली. वाल्फ्रीद आपल्या पट्टीत दंताळं ओढत होता, पण त्याचा पाला गोळा होण्याऐवजी इकडून तिकडे जात होता. दुपारी सगळे भिंतीवर बसून सूप प्यायला लागले. त्याने वाटी घेतली नाही. तो उठला, सत्ताविसाव्या राशीपाशी गेला आणि तोरूनला हाक मारली.

"बाई, जरा इकडे या. हे ऐका." त्याने टाच आपटली. मग दहा पावलं पलीकडे जाऊन पुन्हा आपटली. "फरक कळला?"

"नाही," तोरून म्हणाली.

"तिकडची माती बसलेली आहे. इथली अजून सैल आहे. पाच फूट खाली, मग कठीण. मला माहीत आहे, कारण मी खणलीय."

आमच्या चमच्यांचा आवाज थांबला. वाल्फ्रीदने सगळं सांगितलं, उभ्याने, टोपी हातात घेऊन. नोव्हेंबर, पंचावन्न साल, बीटचं शेत, फळ्या, दोरखंड. जास्तीचा एकही शब्द नाही. शेवटी म्हणाला, "नाल काढायचे राहिले. तेवढी चूक झाली."

"ट्रॅक्टर माझा होता," सिक्स्टेन भिंतीवरून म्हणाला.

"मी तिथे उभी होते," थिरा म्हणाली. ती तेव्हा ऐंशीला आली होती. "आणि ते टपाल उशिरा पोचलं, तेही लिहा हवं तर."

तोरूनने चष्मा काढून पुसला. "पण यादीत..."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात सुपाची वाटी होती. ती कुठे ठेवावी ते मला सुचेना. "यादी माझी," मी म्हणालो. "जुनी बरोबर होती."

"तीनदा मोजली होती त्याने," वाल्फ्रीद माझी बाजू घेत म्हणाला, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

तोरून राशीभोवती एक चक्कर मारून आली. "एकट्या माणसाने इतके दगड आणले?"

"मी दोनच थर घातले."

"मग बाकीचे?"

"ते आम्ही," ह्यॉर्दिस म्हणाली, जणू मीठ कोणी घातलं ते सांगते आहे. "दगड वर आला की जवळच्या राशीवर ठेवायचा असतो."

"याच राशीवर?"

"कुठल्याही. जी जवळ असेल ती."

"किती वर्षं असं करता तुम्ही?"

ह्यॉर्दिसने थिराकडे पाहिलं, थिराने वाल्फ्रीदकडे. "माझी आजी ठेवायची," वाल्फ्रीद म्हणाला. "तिची आजी ठेवायची असं ती सांगायची. त्याच्या आधी कोण काय ठेवत होतं, मला माहीत नाही."

तोरून गवतातच बसली. मला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती. "म्हणजे या आवारात हात न लागलेली एकही रास नाही."

"बिनहाताची रास कशी राहील?" वाल्फ्रीदला तिचं म्हणणं खरंच कळलं नव्हतं. "जुनिपर खाऊन टाकेल तिला."

मग ती उठली आणि कपडे झटकून तिला जे सांगायचं होतं ते सांगितलं. सोमवारी कोणी खणणार नाही. पण तिला हे कार्यालयाला कळवावं लागेल, आणि नियमाप्रमाणे घोडी तिथून हलवायला सांगू शकतात.

"कुठे?" वाल्फ्रीदने विचारलं. तो भिंतीपलीकडे गेला आणि टाच आपटली. "वीत." आणखी पुढे गेला. "चार बोटं." "चर्चच्या आवारात पाद्रीसाहेब तिला घेणार नाहीत."

"मी अजून काही बोललेलो नाही," पाद्रीसाहेब तोंडातला घास गिळत म्हणाले. कोणी हसलं नाही. ते स्वतःही हसले नाहीत. तोरूनने मात्र वहीत काहीतरी लिहिलं.

उत्तर यायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस वाल्फ्रीद रोज दुपारी राशीपाशी जाऊन बसायचा, तिकडे पाठ करून आणि रस्त्याकडे तोंड करून. पत्र माझ्या नावाने आलं. मी ते घेऊन तिथेच गेलो आणि वाचून दाखवलं. सत्ताविसाव्या क्रमांकाखाली खणल्यास आसपासच्या जुन्या कबरींना धक्का लागेल, सबब रास आहे तशी राहू द्यावी. नोंद बदलून 'दगडांची रास, विसावं शतक' अशी करावी. आणि आवाराची देखरेख आजपासून ग्राममंडळाच्या चिटणिसाकडे द्यावी.

"म्हणजे राहू देणार?"

"राहू देणार, काका."

त्याने पत्र हातात घेऊन ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तिचं नाव नाही घातलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निळी पाटी घेऊन माझ्या दाराशी आला. धुऊन, पुसून, चारही स्क्रू कागदाच्या पुडीत. आत या म्हटलं तर आला नाही. अंगणात टाच आपटली, "तीन बोटं," म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी मी सगळी यादी नव्याने टंकलिखित केली. सत्ताविसाव्या ओळीत लिहिलं: ब्लेंडा, घोडी, हालब्येन्स, १९२९ ते १९५५. एक प्रत कार्यालयाला पाठवली. त्यांच्याकडून हरकत आली नाही. एक प्रत वाल्फ्रीदला दिली. ती त्याच्या स्वयंपाकघरात, दाराशी जिथे पाटीची चार भोकं होती त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला, शेवटपर्यंत लावलेली होती.

तो चौऱ्याण्णव साली गेला. त्याची कबर यंत्राने खणली. यंत्रवाला मोठ्या भूमीवरून आला होता, त्याने टाच आपटली नाही. मोटार हालब्येन्सहून चर्चपर्यंत दोन मिनिटांत पोचली, कुठल्याही फाटकाशी थांबली नाही. फाटकाशी माणसं मात्र उभी होती. सिक्स्टेन टोपी हातात घेऊन मोटार दिसेनाशी झाल्यावरही उभा होता.

आता पाटी माझ्या दाराशी आहे, आणि पुढच्या वर्षी दुग्धशाळेतून सुटलो की तीही कोणाला तरी द्यावी लागेल. पॅरिशमधल्या चोवीस घरांपैकी अकरा घरांत आता फक्त उन्हाळ्यात माणसं असतात. तरी या एप्रिलात एकोणीस दंताळी आली. सूप ह्यॉर्दिसच्या सुनेने केलं होतं. ड्रिकू, नेहमीप्रमाणे, माझ्या घरचीच तेवढी दाट होती. दुपारनंतर माझ्या पट्टीत मला एक दगड मिळाला, डोक्याएवढा, अजून गार आणि ओला. नियम जवळच्या राशीचा, आणि जवळ सव्वीस होती, अगदी हाताशी. मी नियमाचा माणूस आहे. दगड उचलला, सव्विसावी ओलांडली आणि पंधरा पावलं पुढे चालत गेलो.